अर्धी गोळी

"कुमुदिनी, आज पाहुण्यांसमोर घोरू नकोस म्हणजे मिळवली," पोह्यांवर खोबरं पसरता पसरता आत्या म्हणाली.

"घोरलेच तर तुमचं नाव सांगेन," आई म्हणाली. "तुमचा आवाज तसाही शेजारपर्यंत जातो."

आत्याने झारा उगारला. आई हसत हसत ओट्यापाशी आली, डब्यांच्या फळीवरून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला आणि पट्टी परत चहाच्या डब्याला टेकवून ठेवली. रोजच्यासारखीच. सकाळी सातला एक, दुपारी एकला एक. सहा वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी मला बघायला पाठकांकडची मंडळी सांगलीहून येणार होती. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. तो साधा होता हे मला फार उशिरा कळलं.

गोळीच्या आधीची आई मला आठवते ती पेंगणारी. भाजी निवडताना पेंगायची, पोथी ऐकताना पेंगायची, बोलता बोलता वाक्याच्या मध्येच मान पडायची. वडील होते तेव्हा ते चिडायचे. ते गेल्यावर ते काम आत्याने अंगावर घेतलं. पलूसमध्ये आईला "झोपाळू किणीकरीण" म्हणत. मग कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नव्हे, आजार आहे, मेंदूला जागं राहायचं कळत नाही. त्यांनी ती छोटी पांढरी गोळी दिली. गोळीने आई जागी झाली. गावच्या वाचनालयात नोकरीला लागली, स्कूटी शिकली, आणि ज्या बायकांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांना घरपोच पुस्तकं देऊ लागली. हँडलला दोन कापडी पिशव्या, एकीत द्यायची पुस्तकं, दुसरीत परत आलेली. त्या दुसऱ्या पिशवीतलं पुस्तक काढून घेत घेत मी मोठी झाले. मी बी.ए. झाले, लोक मला वाचणारी मुलगी म्हणू लागले, त्याचं मूळ त्या पिशवीत होतं आणि पिशवीचं मूळ त्या गोळीत.

पाहुणे अकराला आले. हेमंत, त्याचे आईवडील आणि नानाकाका. नानाकाका म्हणजे हेमंतचे चुलते. सांगलीत त्यांचं औषधांचं दुकान. घरात शब्द त्यांचा चालायचा हे पाच मिनिटांत कळलं, कारण खुर्ची आधी त्यांना दिली गेली.

आई त्या दिवशी बहरात होती. "मुलगी पुस्तकं फार वाचते," हेमंतची आई जरा साशंकपणे म्हणाली, तेव्हा ती म्हणाली, "वाचते ना. पण पोळी करताना पुस्तक बाजूला ठेवते. मी नाही ठेवत." सगळे हसले. हेमंतही हसला. तो हसला की डोळे बारीक व्हायचे. मला तो आवडला होता. ही गोष्ट सांगताना तेवढं मी लपवणार नाही.

नानाकाका पाणी प्यायला आत आले. मी पेला पुढे केला. त्यांची नजर फळीवर गेली. धंद्याची नजर ती. त्यांनी पट्टी उचलली, चष्मा कपाळावर सारून नाव वाचलं.

"ही कुणाची?"

मी एक क्षणही घेतला नाही. "शेजारच्या काकूंची. कोल्हापूरहून आणून दिलीय, द्यायची राहिली."

आई दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "त्यांचीच. संध्याकाळी नेऊन देते."

"डोक्याची गोळी आहे," नानाकाका पट्टी परत ठेवत म्हणाले. "साधी चिठ्ठी चालत नाही हिला. असलं काही असलं की पिढ्यान्‌पिढ्या चालतं घराण्यात. बरं झालं, शेजारचं निघालं ते." आणि पेला तोंडाला लावून सगळं पाणी प्याले.

जेवणं होऊन बैठक झाली. लग्न चाळीस दिवसांनी ठरलं.

संध्याकाळी आत्या देवापुढे पेढे ठेवायला गेली तेव्हा मी आईला म्हटलं, "तेवढे चाळीस दिवस गोळी सोड."

ती चादरीची घडी घालत होती. "सोडू?"

"त्यांचं जाणंयेणं असणार आता. बस्ता आहे, मानपान आहे. आणि महिना संपला की नवी चिठ्ठी. कोल्हापूर-सांगलीतली सगळी दुकानं नानाकाकांच्या ओळखीची आहेत, आई."

"डॉक्टरांना एकदा विचारू या का?"

"ते काय नको म्हणणारच. त्यांचा धंदाच तो. मी वाचलंय, या गोळ्यांची सवय लागते माणसाला. सुटली तर बरंच होईल तुझं." मी एका मासिकात दीड पानाचा लेख वाचला होता. तेवढ्यावर मी बोलत होते, आणि आई ऐकत होती, कारण वाचणाऱ्या माणसावर तिचा भारी विश्वास.

तिने चादरीची घडी पुरी केली. मग हसून म्हणाली, "गंमत बघ. कालपरवाच तुळशीचं लग्न झालं. चातुर्मासात बायकांनी कुणी कांदा सोडला, कुणी चहा सोडला, त्या सगळ्यांनी सोडलेलं परत धरलं. आणि मी धरलेलं सोडतेय. असू दे. तुझ्या लग्नाचा नेम म्हणून सोडते. अक्षता पडल्या की पुन्हा धरीन."

तिने फळीवरची पट्टी आणून माझ्या हातात दिली. "तुझ्या कपाटात कुलपात ठेव. माझ्यापाशी राहिली तर मी घेईन. आणि हे बघ, मी मागितली तरी देऊ नकोस."

हे तिचं वाक्य आहे. मी पुढे कितीतरी वर्षं त्या वाक्याचा हात धरून चालले.

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. आम्ही म्हटलं, एवढ्या वर्षांची साठलेली झोप असेल. तिसऱ्या दिवशी कणकेत हात घालून ओट्यापाशी उभ्या उभ्या झोपली. हाक मारली तर दचकून म्हणाली, "कुणाचं पुस्तक आलं?" वाचनालयात तिने रजा टाकली. लग्नघर आहे, कुणी काही विचारलं नाही. स्कूटी पडवीत झाकून ठेवली.

झोपेशी तिचं जुनं वैर होतं. तिने तेव्हाच्या सगळ्या युक्त्या पुन्हा बाहेर काढल्या. दाढेखाली लवंग धरायची. पाठ न टेकता बसायची. डोळ्यांखाली बाम चोळायची, त्याने पाणी यायचं. गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून पत्रिकांवर नावं घालायची. तरी चौथ्या-पाचव्या नावाशी अक्षर उतरणीला लागायचं आणि पाकिटाच्या बाहेर जायचं. ती पाकिटं मी नंतर जपून ठेवली. एकावर 'सौ. शकुंतला' एवढं लिहून पुढे शाईची रेघ खाली टेबलावर गेली आहे.

झोप तरी तिच्या ओळखीची होती. पण आणखी एक काहीतरी होतं, ते नवीन होतं. तिला सारखी भूक लागायची आणि खाऊन बरं वाटायचं नाही. आत्याचे जे टोमणे ती हसून परतवायची त्यांनी आता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा दुधाच्या पिशवीला भोक पडलेलं निघालं म्हणून ती पायरीवर बसून अर्धा तास रडली.

"अगं, दूधच गेलं ना," आत्या चक्रावून म्हणाली. "तुझं काय गेलं?"

"माहीत नाही हो वन्सं," आई म्हणाली. "तेच कळत नाही."

सातव्या दिवशी दुपारी मी दागिने पुसत होते. ती शेजारी आडवी होती. मला वाटलं, झोपलीय. डोळे मिटूनच म्हणाली, "वैजू, एक सांगू? रागावू नकोस. तुझं लग्न आहे हे मला माहितीये. चांगलं स्थळ आहे हेही माहितीये. पण आनंद कुठे ठेवलाय ते सापडत नाही गं. सगळं घर शोधतेय."

मी पाटल्या पुसत राहिले. "असं काय बोलतेस? जरा प्रसन्न राहा. परवा बस्त्याला जायचंय."

"हो," ती म्हणाली. "राहते."

बस्ता सांगलीत एका मोठ्या पेढीत होता. पांढऱ्या गाद्यांवर आम्ही सगळ्या बायका बसलो, दुकानदार समोर साड्यांवर साड्या टाकत होता. नानाकाका खुर्चीवर. वर पंखा. आईने लवंग दाढेखाली धरली होती, मला वास येत होता. हेमंतच्या आईने एक मोतिया रंगाचा शालू तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "विहीणबाई, तुम्ही सांगा, हा कसा वाटतो?"

आईची मान खाली होती. आधी वाटलं, काठ बघतेय. मग तिच्या तोंडून लवंग शालूवर पडली.

मी तिच्या दंडाला धरलं आणि चिमटा काढला. साधा नाही. नखं रुतवून, पिळून. ती जागी झाली, ओरडली नाही. "छान आहे," एवढंच म्हणाली आणि लवंग उचलून मुठीत घेतली.

"लग्नघर म्हणजे जागरणं आलीच," हेमंतची आई सांभाळून घेत म्हणाली. नानाकाकांनी चष्मा कपाळावर सारला. ते आईकडे बघत राहिले, जसं त्यांनी फळीवरच्या पट्टीकडे बघितलं होतं.

परतीच्या एसटीत मी आईशी बोलले नाही. ती पलूस येईपर्यंत उभी राहिली. बसायला जागा होती.

सतराव्या दिवशी सकाळी पत्रिकांचा एक गठ्ठा तसाच होता. गावातल्या पत्रिका आत्याने आणि मी वाटल्या होत्या. राहिल्या होत्या त्या वाडीवस्तीवरच्या, आईच्या पुस्तकं घेणाऱ्या बायकांच्या.

"पोस्टात टाकू," मी म्हटलं.

"पोस्टात?" आत्या म्हणाली. "आईने हातात अक्षत द्यायची असते पोरीच्या लग्नाची. त्या बाया सहा वर्षं हिची वाट बघत दारात उभ्या राहिल्यात, आणि त्यांना पोस्टमन? लोळून लोळून लाज पण झोपली वाटतं."

आई उठली. तोंडावर पाणी मारलं, नवी साडी नेसली. "मला जायचंच आहे," ती म्हणाली. "त्यांचे तोंडी निरोप येतायत, बाई कुठे आहेत म्हणून. पुस्तकंही बदलून देते." तिने पडवीतली स्कूटी पुसली. एका पिशवीत पत्रिका आणि अक्षतांची पुडी, दुसरीत पुस्तकं. मी जाऊ शकत नव्हते. मला स्कूटी येत नव्हती, आणि त्या दिवशी शेजारी माझं केळवण होतं.

निघताना ती माझ्यापाशी दारात थांबली. आम्ही दोन वाक्यं बोललो. मग ती गेली.

मला ओवाळून पाटावर बसवलं होतं. समोर ताट वाढलेलं, त्यात श्रीखंड. पहिली पुरी मोडली तेवढ्यात वाचनालयाचा शिपाई फाटकातून आत आला. त्याच्या हातात आईची कापडी पिशवी होती. पुस्तकं भिजलेली. त्याने पिशवी पुढे केली.

कुंडलच्या रस्त्यावर उसाने भरलेली ट्रॉली चाक फुटल्यामुळे कडेला उभी होती. आई मागून जाऊन तिच्यावर आदळली. सव्वाअकरा वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. पत्रिका कालव्याच्या चारीत वाहत गेल्या आणि पुढे दोन दिवस त्या लोकांना शेतात सापडत होत्या.

ट्रॅक्टरचा चालक बीड जिल्ह्यातला होता, रामहरी सानप. गावाने त्याला आधी बडवला, मग पोलिसांच्या ताब्यात दिला. ट्रॉलीला मागे लाल कापड नव्हतं, रिफ्लेक्टर नव्हता, ती अर्धी डांबरावर होती. हे सगळं खरं होतं. तो मात्र एकच सांगत होता. मी झाडाखाली भाकरी खात होतो. बाईची गाडी हळू येत होती. सरळ रेषेत येत होती. बाईचे डोळे मिटलेले होते. मी तीनदा ओरडलो.

"भर अकरा वाजता बाई गाडीवर झोपली?" फौजदार म्हणाले. "प्यायलास किती ते सांग."

वर्षाच्या आत उरकायचं म्हणून सात महिन्यांनी माझं लग्न झालं. मोतिया शालूच नेसले.

खटला उभा राहिला चार वर्षांनी. मला साक्षीला बोलावलं. हेमंत बरोबर होता, आणि मागच्या बाकावर नानाकाका. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. आरोपीचा वकील तरुण होता, सरकारने दिलेला. त्याने शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. अकरा जखमा. अकरावी, उजव्या दंडावर आतल्या बाजूला, फिकट, नखांसारखी. ती ट्रॉलीच्या कुठल्या भागाने झाली हे कुणी विचारलं नाही. मग त्याने कागद खाली ठेवला.

"किणीकर बाईंना झोपेचा काही त्रास होता? काही औषध चालू होतं?"

रामहरी सानप पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. त्याने हात जोडलेले नव्हते. नुसता बघत होता, पुढचं वाक्य आता येईल म्हणून थांबलेल्या माणसासारखा.

"नाही," मी म्हटलं.

त्याला एक वर्षाची कैद झाली.

लग्नानंतरची एकोणीस वर्षं मी भरपूर वाचलं. सासरी पुस्तकांना कुणी आडकाठी केली नाही. कबुली देणाऱ्या माणसांच्या कितीतरी गोष्टी वाचल्या, आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून स्वयंपाकाला लागले.

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी गणिताच्या पेपरात झोपली. मग जेवताना. मग मैत्रिणीच्या सायकलवर मागे बसलेली असताना. हेमंत म्हणाला, मोबाईल. नानाकाका म्हणाले, अशक्तपणा, टॉनिक देऊ. मी तिला कोल्हापूरला नेलं. जुने डॉक्टर गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, माझ्या आईला. बाईंनी लिहून घेतलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. ही मनाने बंद करायची नाही. कमी करायची तर आम्ही हळूहळू करू. एकदम थांबवली तर झोप दुपटीने अंगावर येते, मन खचतं. आणि त्या दिवसांत वाहन तर अजिबात नाही."

साधं वाक्य होतं. बाहेर बाकावर दहा माणसं बसली होती. डॉक्टरांना विचारायला आम्हाला फार तर अर्धा दिवस लागला असता.

मंगळवारी मी एकटी बीडच्या गाडीत बसले. हेमंतला सांगितलं, वाचनालयाचं काम आहे. खटल्याच्या कागदातलं गाव सापडायला दुपार झाली. रामहरी सानप दारात शेळीला पाला टाकत होता. म्हातारा झाला होता, एका बाजूला वाकून चालत होता.

"किणीकर बाईंची मुलगी," मी म्हटलं.

त्याने पाला खाली ठेवला. बायकोला हाक मारली, "ताईला पाणी आण." मला बाज दाखवली, स्वतः उंबऱ्यावर टेकला.

"लय लांबून आलात," तो म्हणाला.

"तुम्ही ट्रॅक्टर चालवता अजून?"

"न्हाई. लायसन गेलं ना तवाच. मग कोयता घेतला. धा-बारा साल ऊस तोडला. जो ऊस म्या वाहायचो त्योच तोडला." तो हसला. "कंबर गेली, आता शेळ्या."

बायकोने पाणी दिलं. ती दारातच उभी राहिली. "ह्यांना झोपेत अजून व्हतंय," ती म्हणाली. "वरडतेत. 'ओ बाई, ओ बाई.' सगळी गल्ली जागी करतेत."

"गप की," तो म्हणाला.

"का गप? ह्या आल्यात तर सांगती. गावात कुणीबी म्हणायचं, बाई झोपली म्हणतो, खुळा झाला ह्यो. पोरं चिडवायची. ताई, ह्यो माणूस दारूला शिवत न्हाई."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मलाच आता वाटतंय, म्या नीट बघितलं नसंल. उन्हाची तिरीप आसंल डोळ्यावर. भर दिसा गाडीवर कोण झोपतंय, सांगा."

पेला माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"तुम्ही नीट बघितलंत," मी म्हटलं. "आई झोपली होती. तिला तो आजार होता, त्यावर गोळी होती. गोळी घेतली की ती कुणाहीपेक्षा जागी असायची. माझं लग्न मोडू नये म्हणून ती गोळी मी बंद केली. कोर्टात मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्या कागदात अकरा जखमा लिहिल्यात, त्यातली एक माझ्या नखांची आहे. त्या दिवशी सकाळी निघताना ती दारात थांबली होती. म्हणाली, वैजू, आज अर्धी दे, गाडी चालवायचीय. किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हटलं, आता सतरा दिवस काढलेस ना. ती म्हणाली, बरं."